तीन मिनिटं वीस सेकंदांचा धूर

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, भाट्याचा किनारा. आमच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या धुरासाठी केलेल्या जोडणीवर तोवर झालेला खर्च नऊशे अठ्ठावन्न रुपये. हजर अप्पा, आई आणि मी. चौथं माणूस खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या उंच दांड्यापलीकडे वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होतं. किनारा दोन्ही बाजूंनी बघून घेणं माझं काम होतं आणि ते मी केलं होतं. पण वाकलेलं माणूस दांड्याच्या वर दिसत नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आज अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे लिहितो आहे ते घडलं तसं एकदा कागदावर असावं म्हणून. लोकांत ते वेगळं सांगितलं जातं, आणि वेगळं सांगायला सुरुवात मीच केली.

आम्ही मिरजोळ्याला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या आणि पडवी अशा भाड्याच्या घरात राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. मासेमारीच्या होड्यांना लागणारे इंजिनांचे सुटे भाग तिथे बनत. त्यांना काचबिंदू झाला होता. या रोगात आधी बाजूचं दिसणं जातं, मधलं बरेच दिवस राहतं. त्यामुळे समोर धरलेल्या मोजपट्टीवरचा मिलिमीटरचा पन्नासावा भाग ते अचूक वाचायचे आणि दारात ठेवलेल्या कळशीला पाय लावून सांडायचे. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर भिंतीवरचा तक्ता वाचायला लावत. तो तर समोरच असायचा, अप्पा सगळा वाचून दाखवत. बाजूचं कोणी विचारत नसे. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मशीनवरच्या माणसाचे डोळे गेलेत असं कळलं असतं तर चौदा दिवसही ठेवलं नसतं. घरात त्या रोगाचं नाव कोणी काढत नसे. आई फक्त आवाज करायला लागली होती. ताट ठेवताना वाटी दोनदा आपटायची, "आमटी इकडे हं" म्हणायची, पाण्याचा तांब्या खण्णकन डाव्या हाताला ठेवायची. मासे असले की काटे आधी स्वतः काढून मगच तुकडा वाढायची. सौंदाळ्याचा काटा काढायला तिला किती वेळ लागतो हे मी बघायचो, आणि अप्पा समोर बघत, मान न हलवता, जेवायचे. औषधाचे थेंब सकाळी एक, रात्री एक. बाटली महिनाभर पुरायची, जपून वापरली तर चौतीस दिवस.

विमान त्यांनीच बनवलं होतं. पंखांची लांबी एक मीटर ऐंशी, वजन पाच किलो दोनशे ग्रॅम. इंजिन एका आंबेवाल्याच्या बागेतल्या मोडक्या ग्रासकटरचं. त्याला लाकडी पंखा बसवण्यासाठी लागणारा जोड त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढला होता. उडवायचा रेडिओ-रिमोट मुंबईहून जुना आणलेला. रविवारी ओहोटीची वेळ सकाळची असेल तर आम्ही स्कूटरवरून भाट्याला जायचो, ओली वाळू टणक असते, तिच्यावरून ते सुरेख उठायचं. मला त्यांनीच शिकवलं. मग एका दिवाळीनंतर त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तूच उडव. माझी बोटं आखडतात." बोटं आखडत नव्हती. विमान दीडशे मीटरवर गेलं की आकाशात ते त्यांना सापडत नसे. नळीतून बघणाऱ्याला आभाळात पक्षी सापडेल का? ते वर बघायचे, इंजिनाच्या आवाजाच्या दिशेने मान फिरवायचे आणि "छान, छान" म्हणायचे. दोन महिने असं चाललं. एके दिवशी पडवीत बसून त्यांनी मला विचारलं, "त्याच्या मागे धूर सोडला तर?"

मी म्हटलं, "कशाला?"

"दिसायला बरं."

कोणाला, ते मी विचारलं नाही. धुराची रेघ लांब असते. तिचं एक टोक नजरेत आलं तरी तिला धरून पुढे पुढे जाता येतं आणि शेवटी विमान सापडतं. त्यांनी हे मनात पक्कं करूनच विषय काढला होता.

तत्त्व सोपं आहे. इंजिनाच्या तापलेल्या सायलेन्सरमध्ये थोडं थोडं तेल सोडायचं, त्याचा पांढरा धूर होतो. पण थोडं थोडं म्हणजे किती, यातच सगळं आहे. कमी सोडलं तर दिसत नाही, जास्त सोडलं तर सायलेन्सर गार पडतो आणि तेल नुसतं गळतं. मोटारीच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप भंगारातून चाळीस रुपयांना मिळाला. टाकी म्हणून दोनशे मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली. तेल उलटं फिरू नये म्हणून माशांच्या काचपेटीला लावतात तो झडपेचा तुकडा. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची बारीक नळी घेतली. अप्पांनी ती सायलेन्सरच्या आत आठ वेढे देऊन बसवली, म्हणजे तेल आत पडायच्या आधीच तापेल. पितळेचा सांधा भरताना ते डोळा इतका जवळ नेत की भुवई जळेल असं वाटे. आणि तेलाचा प्रवाह कमीजास्त करायला सलाईनची नळी, तिच्यावरच्या त्या छोट्या चाकासकट. रिमोटवरचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग, अर्ध्याच्या वर गेला की पंप सुरू, खाली आला की बंद.

पहिल्यांदा डिझेल वापरलं. पडवीत इंजिन सुरू केलं आणि दोन मिनिटांत घरभर काळपट धूर झाला. आई दोरीवरचे कपडे ओढत बाहेर आली. "अख्खं मिरकरवाडा बंदर घरात आणलंत की हो! आता ह्या साड्यांना बोंबलाचा वास तेवढा यायचा राहिलाय." अप्पा हसले. ते हसलेले मला बऱ्याच दिवसांनी दिसले. मग कोणीतरी सांगितलं म्हणून लिक्विड पॅराफिन आणायला मी औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. "लिटरभर? अरे, पोट साफ व्हायला दोन चमचे घेतात ते. घरात काय पाडव्याच्या आधीच श्रीखंड संपवलंत?" मी पैसे पुढे केले. विमानासाठी म्हटलं असतं तर दुकानात आणखी अर्धा तास गेला असता.

पॅराफिनचा धूर दुधासारखा पांढरा आला. मी चाक हळूहळू फिरवत मिनिटाला साठ मिलिलिटर असा प्रवाह धरला आणि तीनदा बाटली रिकामी करून वेळ घेतली: तीन मिनिटं अठरा सेकंद, तीन बावीस, तीन वीस. चाकाच्या जागी आईच्या नेलपॉलिशने लाल खूण केली. नियम ठरला. विमान मी उठवायचं, वर न्यायचं, धूर सुरू झाला की घड्याळ सुरू करायचं आणि रिमोट अप्पांच्या हातात द्यायचा. अडीच मिनिटं झाली की परत घ्यायचा. उरलेले पन्नास सेकंद हाताशी. अप्पांनी मान डोलावली. पण धुराकडे बघत ते म्हणाले, "पातळ आहे रे." मी म्हटलं, "नाही अप्पा, चांगला दाट आहे." आई पण म्हणाली, "पलीकडची भिंत दिसत नाहीये हो." आमच्या डोळ्यांना दाट होता.

त्या रविवारी आई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली. अप्पांनीच तिला चल म्हटलं होतं. डब्यात घावणे, ओल्या खोबऱ्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. सुरूच्या झाडांखाली तिने चादर अंथरली. ओहोटी पूर्ण होती, वारा जमिनीकडून समुद्राकडे, अगदी हलका. मी विमान उठवलं, दोन फेऱ्या मारल्या, थ्रॉटल वर केला, आणि मागे पांढरी रेघ फुटली. घड्याळ सुरू केलं. रिमोट अप्पांच्या हातात दिला.

त्यांची मान जरा इकडेतिकडे फिरली आणि मग थांबली. "दिसतंय," ते म्हणाले. मग मोठ्याने, "अगो, दिसतंय! बघ, बघ तिकडे!" त्यांनी समुद्रावर मोठं वळण घेतलं, मग एक उलटी कोलांटी, रेघेचा गोल झाला. आई टाळ्या वाजवत होती. पुढच्या सगळ्या वर्षांत मला जे सर्वांत नीट आठवतं ते हे: अप्पांचा चेहरा वर, तोंड किंचित उघडं.

एक मिनिट बावन्न सेकंदांवर धूर थांबला.

मी घड्याळाकडे बघितलं. एक बावन्न. बाटली तीन वीसला संपणार होती, म्हणजे तेल असणारच; अप्पांनीच थ्रॉटल खाली घेतला असेल. मी हिशेबावर विश्वास ठेवला आणि वर बघायच्या ऐवजी खाली, हातातल्या आकड्यांकडे बघत राहिलो. "अप्पा, थ्रॉटल?" मी विचारलं.

"असू दे. दिसतंय मला."

मी मान वर केली. त्यांचा चेहरा समुद्राकडे होता, वाऱ्यावर सरकत चाललेल्या जुन्या धुराच्या टोकाकडे. इंजिनाचा आवाज डावीकडून, खाडीकडून येत होता. "अप्पा, द्या!" मी रिमोट धरला. त्यांनी सोडला नाही. एक सेकंद, फार तर दीड. मग सोडला, पण तोवर विमान दांड्यावरून खाली उतरत होतं, आणि दांड्यापलीकडून एक बाई उठून उभी राहिली. तिने डोकं वाचवायला उजवा हात वर केला. इंजिनाचा आवाज एकदम थांबला. ती ओरडली नाही. ओरडली आई.

शेवंताबाई भाट्याच्याच. नवरा ट्रॉलरवर कामाला, तेव्हा दर्यात होता. लाकडी पंख्याने त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या शिरा तोडल्या होत्या. मी रिक्षा आणली, आईने स्वतःचा पदर फाडून हात बांधला. अप्पा रिक्षाच्या दारापाशी उभे होते, कुठल्या बाजूने आत बसायचं ते त्यांना सापडेना. घरी आल्यावर मी मोडक्या विमानातली नळी काढून बघितली. चाक लाल खुणेच्या पुढे फिरवलेलं होतं. अप्पा दारात उभे. "पहाटे जरासं उघडलं मी," ते म्हणाले. "मला पातळच दिसत होता रे." मग थोड्या वेळाने, "संपला तेव्हा म्हणवलं नाही तोंडाने, की दिसत नाही म्हणून." दोन वर्षं ते एक वाक्य गिळायची सवय लागली होती. ती तेवढ्यात सुटणार कशी?

हॉस्पिटलचं बिल अप्पांनी दुसऱ्याच दिवशी भरलं. आठव्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर शेवंताबाई हाताला पांढरं बांधून बसलेल्या, शेजारी त्यांचे दीर महादेव. महादेवने पहिलाच प्रश्न केला, "कोन उडवत व्हता?"

मी अप्पांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. महादेवचा एक भाचा अप्पांच्याच कारखान्यात पॅकिंगला होता हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. चौदा महिने.

"मी," मी म्हटलं.

"वीस वर्सांचा घोडा आनि खेळनी उडवतंस? डोळं काय घरी ठेवून आलवतास?"

अप्पांची मान वर झाली नाही. मी थांबलो होतो, ते काही बोलतील म्हणून. आईही थांबली होती. काही क्षणांनी आईनेच पदर डोक्यावरून घेतला आणि नजर काढून घेतली, त्यांच्यावरूनही आणि माझ्यावरूनही.

शेवंताबाई आता म्हणाल्या, "हास्पिटलाचं तुमी भरलात, ते भरायचंच व्हतं. माज्या ओहोट्या कोन भरनार?"

म्हणून मी भरल्या. त्यांच्या हाताची पट्टी सुटेपर्यंत मोठ्या ओहोटीच्या दिवसांत मी भाट्याला जायचो आणि त्यांच्याऐवजी तिसऱ्या काढायचो. एकूण तेवीस ओहोट्या. त्या काठावर बसून दाखवायच्या: वाळूत दोन बारीक भोकं शेजारी शेजारी असतील तिथे खुरपं घाल, एकच भोक असेल तर खेकडा. पाण्यात कंबर वाकवून तासभर काम केलं की मान वर होत नाही; त्या दिवशी दांड्याच्या वर त्या का दिसल्या नाहीत ते मला असं कळलं. पहिल्या दिवशी बाजारात मांडायला चार वाटे भरले, त्या अकरा भरायच्या. येणारेजाणारे थांबून बघत. "हाच काय गो तो, हात तोडनारा?" बायका विचारत. शेवंताबाई "व्हय" म्हणत.

सहाव्या की सातव्या ओहोटीला त्या अचानक म्हणाल्या, "तो डबा तुज्या बापसाच्या हातात व्हता."

माझं खुरपं थांबलं.

"मी उभी रायले ती त्याच्याकडंच तोंड करून. बापूस लांब बगत व्हता दर्यात, आनि तू त्याच्या हातातून वडत व्हतास."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"दोगांतला एक बोलला ना. माज्या हाताला काय फरक?" मग टोपली पायाने माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "पन त्याला सांग, एकदा येऊन जा म्हनावं."

मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "रिटायर होऊ दे." ते रिटायर झाले, शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. मग पाऊस होता. मग गणपती. मग थेंब चालेनासे झाले आणि ते दुसरं औषध वापरू लागले, तेही चालेना. मी त्यांना परत सांगितलं नाही. मला राग होता का? होता, पण त्यांना चहाचा कप हातात देताना तो दाखवायचा कसा हे मला कधी जमलं नाही. आता माझ्या स्वतःच्या डोळ्यांचा दाब मी दर वर्षी मोजून घेतो. यंदा सतरा आणि अठरा, मर्यादेत. डॉक्टरांनी बाजूची नजर तपासायच्या यंत्रापुढे बसवलं की दिवा दिसला नाही तर बटण दाबायचं नाही, एवढी साधी गोष्ट करायला मला जोर लावावा लागतो.

त्या रविवारानंतर तीन वर्षांनी आम्ही माझ्यासाठी चिपळूणला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या मामांनी शिऱ्याची बशी पुढे करताना सहज विचारलं, "ते भाट्याला विमानाने बाईचा हात तोडलेला, तो मुलगा हाच का?" मी "हो" म्हटलं. अप्पा माझ्या शेजारी होते. तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांनी बशीतला चमचा चाचपला, उचलला, परत ठेवला. ते स्थळ तिथेच संपलं. परत आल्यावर घराच्या पायरीवर अप्पा म्हणाले, "उद्या भाट्याला जाऊ."

त्याच ओसरीवर, शेवंताबाई आणि महादेव. अप्पा उभेच राहिले, माझा कोपर धरून. "रिमोट माझ्याकडे होता," ते म्हणाले. "मला दिसत नव्हतं. ह्याने परत मागितला तर मी दिला नाही."

महादेव माझ्याकडे बघत राहिला. शेवंताबाई म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. बगा हा हात."

"आता काहीच दिसत नाही हो."

"मग धरा."

त्यांनी आपला उजवा हात अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी तो लेथवरून उतरवलेला भाग तपासावा तसा अंगठ्याने तपासला, एकेक पेर, एकेक सांधा. "ही दोन वळतात," शेवंताबाई सांगत होत्या. "ही तीन न्हाय. ह्ये तर थंडीत काळं पडतं." बराच वेळ त्यांनी हात काढून घेतला नाही आणि अप्पांनीही सोडला नाही. मग अप्पांनी खिशातून पाकीट काढलं, पंधरा हजार रुपये होते. शेवंताबाईंनी ते डाव्या हाताने घेतलं आणि महादेवकडे दिलं. "मोज." त्याने मोजलं, बरोबर होतं. चहा विचारला नाही, आणि आम्हीही बसलो नाही. निघताना महादेव मला म्हणाला, "आनि तू रं? तीन वर्सं तोंड शिवूनशान?" मी अप्पांना धरून पायरी उतरलो.

रिक्षात अप्पा माझ्या डाव्या बाजूला बसले होते. पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं काही राहिलं का माझ्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मिरजोळ्याला दारात रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी दोन्ही खिसे चाचपले. काही उरलं नव्हतं. रिक्षावाल्याला एकशे वीस रुपये मी दिले.